बर्फाच्या दारातली झडती

आमच्या घरात मी सगळ्यांच्या सामानाची झडती घेते, असं माझ्या नवऱ्याचं आणि मुलीचं म्हणणं आहे. मी त्याला आवराआवर म्हणते. शाळेच्या बॅगेत तीन दिवसांचं केळं असू शकतं, म्हणून बॅग उघडायची. जीन्स मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे उलटे करावेच लागतात, आणि त्यातून एखादी चिठ्ठी पडली, तर ती कामाची आहे की टाकायची, हे वाचल्याशिवाय कसं कळणार? मुलगी बाथरूममध्ये असताना तिचा फोन वाजला, तर कोणाचा आहे ते मी बघते. नुसतं बघते. बघता बघता बोट लागून मेसेज उघडला, तर त्याला मी काय करणार?

मुलगी सतरा वर्षांची आहे. जन्म दुबईचा, शाळा दुबईची. मराठी सगळी समजते, पण उत्तर इंग्रजीतून देते. "मम्मी, इट्स कॉल्ड प्रायव्हसी," हे वाक्य मी दिवसातून तीनदा तरी ऐकते. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमचा एका बेडरूमचा फ्लॅट आहे. तिची खोली म्हणजे हॉलचा एक कोपरा, त्याला आम्ही पडदा लावून दिलाय. आत येण्याआधी नॉक कर, असं ती म्हणते. पडद्यावर नॉक कसं करतात ते मला कोणी शिकवलेलं नाही, म्हणून मी सरळ आत जाते.

गेल्या वर्षी तिने फोनचा पासवर्ड बदलला, मग पुन्हा बदलला. बॅगेला बोटभर कुलूप लावलं. मी त्याची किल्ली शोधून काढली, तशी तिने बॅगेत काही ठेवणंच बंद केलं. वह्या आणि डबा यापलीकडे माझ्या हाती काही लागेना. मला वाटलं, चला, पोरगी सुधारली.

यात सगळा दोष माझा नाही. मी रत्नागिरीकडच्या ज्या मोहल्ल्यात वाढले, तिथले अर्धे पुरुष आखातात होते. माझे अब्बाही. गावी येणारा कोणी असला की त्याच्याबरोबर ते आवाज भरलेली कॅसेट पाठवायचे. ती कॅसेट ओटीवर टेपरेकॉर्डर ठेवून सगळ्यांसमोर वाजायची. आजोबा, दोन काकू, शेजारच्या तिघीचौघी आणि आम्ही पोरं, सगळे कान देऊन बसायचो. अब्बांना हे पक्कं माहीत होतं. त्यामुळे दहा वर्षं ते माझ्या आईशी कौलांविषयी, पंपाविषयी आणि बकरीविषयी बोलले. नवरा-बायकोचं आणखी काही बोलणं असतं, हे मला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

सगळं असं उघड्यावर असलेल्या त्या मोहल्ल्यात एकाच वस्तूला कोणी हात लावत नसे, ती म्हणजे शिवलेलं पुडकं. आखातातून माणूस येताना दहा घरची दहा पुडकी आणायचा, जातानाही तेवढीच न्यायचा. प्रत्येक पुडकं कापडात घालून चारी बाजूंनी शिवलेलं असायचं. ती अमानत. विश्वासाने सोपवलेली दुसऱ्याची वस्तू. आणणाऱ्याने ती उघडायची नाही, चाचपायची नाही आणि आत काय आहे ते विचारायचंही नाही. ज्याची त्याच्या हातात द्यायची.

आता पुडकी फारशी कोणी शिवत नाही. चिकटपट्टी मारली की झालं. पण माझ्या सासूबाई शिवतात. आम्ही त्यांना अम्मी म्हणतो. वय चौऱ्याहत्तर, डोळ्यांना चष्मा, हाताला कंप नाही. गावाहून दुबईला यायच्या असल्या की आठवडाभर आधी लोक पुडकी घेऊन त्यांच्या दारात. अम्मींची पद्धत ठरलेली आहे. वस्तू उघडी आणायची, त्यांना दाखवायची, मग मालकासमोर त्या स्वतः शिवणार. विमानतळावर कोणी विचारलं, सामान तुम्ही भरलं का, तर त्या छाती पुढे काढून सांगतात, "मी बघलंय, मीच शिवलंय." पण एकदा टाका पडला की खलास. मग आत काय आहे ते त्यांच्या तोंडून बाहेर येत नाही, आणि मालकाशिवाय ते पुडकं दुसरा कोणी उघडत नाही.

यंदा अम्मी व्हिजिट व्हिसावर महिनाभर राहायला आल्या. आम्ही त्यांना उंच इमारती दाखवल्या, कारंजं दाखवलं, एका नातेवाइकाकडे अल ऐनलाही नेऊन आणलं. त्यांनी सगळीकडे "बरं हाय" म्हटलं. मग जायला चार दिवस उरले असताना जेवता जेवता म्हणाल्या, "मना बरफ बघायचाय."

आयुष्यात अम्मींनी बर्फ पाहिला होता तो बंदरावर, मासळीच्या पेट्यांमध्ये. आभाळातून पडलेला नाही. तसा तर तो दुबईतही पडत नाही, पण एका मॉलमध्ये काचेच्या आड त्याचा अख्खा डोंगर बनवून ठेवलाय. लोक तिथे पायाला फळ्या बांधून घसरतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने पहिल्यांदाच तोंडाने काही मागितलं होतं. नवऱ्याने त्याच क्षणी फोनवर तीन तिकिटं काढली. शनिवारची दुपार, तीनची वेळ. त्याला स्वतःला अल क्वोजच्या गोदामात माल यायचा होता, म्हणून तो आम्हा तिघींना मॉलच्या दारात सोडून गेला. सोमवारी अम्मींचं विमान होतं, तेव्हा बर्फ बघायचा तर त्या दिवशीच.

बर्फाच्या दाराशी सामान तपासायचं टेबल होतं. टेबलामागे एक नेपाळी बाई, कडक इस्त्रीचा गणवेश, हातात पातळ मोजे. तिने माझ्या पर्सकडे बोट करून विचारलं, "मॅडम, मे आय?"

मी म्हटलं, "क्या मे आय?"

"बॅग खोलूँ? आपकी परमिशन चाहिए."

मला मोठी गंमत वाटली. तपासणारच आहेस, तर विचारतेस कशाला? पण आपली पर्स कोणी उघडली की कसं वाटतं, ते मला पुढच्या मिनिटात समजलं. तिने एकेक वस्तू काढून ट्रेमध्ये मांडली. आधी डबा निघाला, त्यात खिमा भरलेले पोळ्यांचे सहा रोल. बाहेरचं खाणं चालत नाही, डबा बाजूला. मग औषधं, तसबीची माळ, अर्धा कंगवा. मग एक गुलाबी लिपस्टिक.

"दॅट्स माइन!" मुलगी ओरडली.

मग चांदीचा एकच कानातला डूल. मग घडी घातलेली एक चिठ्ठी, तिच्यावर लाल पेनने बदाम. मग हेडफोनची पांढरी डबी.

"मम्मी! आय लुक्ड फॉर दीज फॉर टू मंथ्स! यू हेल्प्ड मी लुक!"

हे खरं होतं. मी तिच्याबरोबर सोफा हलवून शोधलं होतं. मागे रांगेत पाचसहा माणसं होती आणि ती सगळी आता माझ्या ट्रेमध्ये डोकावत होती. मी म्हटलं, "सांभाळून ठेवलं होतं." त्या नेपाळी बाईने ट्रे स्वतःच्या अंगाआड घेतला, म्हणजे रांगेतल्यांना दिसू नये. तिच्या या सभ्यपणाने मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलीच्या बॅगेत पाण्याची बाटली आणि स्वेटर. मग अम्मींची पाळी आली. त्यांच्या कापडी पिशवीतून तसबी निघाली, पान-सुपारीची डबी निघाली, सुईदोऱ्याची छोटी पत्र्याची डबी निघाली. सुई टोकदार, म्हणून ती एका पाकिटात घालून बाजूला. "जाते समय ले लेना, माँजी." अम्मींनी मान डोलावली. मग तिने पिशवीच्या तळातून एक प्लास्टिकची थैली काढली आणि थैलीतून एक पुडकं.

त्या पुडक्याबद्दल मी ऐकून होते. गावाहून आणलेली पाच पुडकी अम्मींनी पहिल्या आठवड्यातच ज्याची त्याला पोचवली होती. सहावं त्यांच्या पिशवीत कायम असायचं. बाजारात जाताना पिशवी खांद्यावर, नमाजाला बसताना पिशवी शेजारी. कोणाचं आहे म्हणून मी चारदा विचारलं. "ज्याचं हाय त्याला ठाव हाय," एवढंच उत्तर. मला वाटलं होतं, घेणारा माणूस सुट्टीवर गेला असेल.

आता ते टेबलावर होतं. मोठ्या वहीएवढं, चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी शिवलेलं. कापड निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं. ते मी ओळखलं. माझ्या मुलीचा जुना शाळेचा गणवेश होता तो. फडकी करायला मी बाल्कनीत ठेवला होता आणि तीन आठवडे मला सापडत नव्हता.

मी मुलीकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती. मी अम्मींकडे पाहिलं. त्या सरळ माझ्याकडे पाहत होत्या.

म्हणजे पोरगी सुधारलेली नव्हती. तिने आपलं जे काही होतं ते आजीच्या पुढ्यात ठेवलं होतं, आजीने ते बघितलं होतं आणि माझ्याच घरात, मी बाजारात गेलेली असताना, दोघींनी ते शिवून टाकलं होतं. मोहल्ल्यात लोक चोर-दरोडेखोरांच्या भीतीने शिवत. ही माझ्या भीतीने शिवलेली अमानत होती.

"माँजी, ये खोलना पड़ेगा," नेपाळी बाई म्हणाली. "सिला हुआ पार्सल अंदर नहीं जा सकता."

"नाय," अम्मी म्हणाल्या.

"अंदर क्या है?"

"मी बघलंय. मीच शिवलंय. वंगाळ काय नाय."

मी हिंदी करून सांगितलं. बाई म्हणाली, तिचा विश्वास आहे, पण नियम आहे. मागच्या रांगेतून कोणीतरी "यल्ला, यल्ला" म्हणून घाई करायला लागलं. सुपरवायझर आला, अरबी माणूस, दमलेला. त्याने पुडकं पाहिलं, अम्मींना पाहिलं आणि "ओपन, खलास" म्हणून निघून गेला. त्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता.

खरं सांगते, त्या क्षणी मला नियमाचं प्रेम दाटून आलं. मी अम्मींना समजावणीच्या सुरात म्हटलं, "अम्मी, कायदा आहे इथला. उघडूया ना. दोन मिनिटांचं काम."

"मालकाला विचार," अम्मी म्हणाल्या.

मालकीण छतावरून नजर काढून नेपाळी बाईकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, की पलीकडे पडदा आहे तिथे तुम्ही एकट्याने बघा, तुम्हाला माझी परवानगी आहे.

"आणि मी?" मी विचारलं.

"शी कॅन सी इट. यू कान्ट."

मी या मुलीला नऊ महिने पोटात वागवलं आहे, आणि दहा मिनिटांपूर्वी भेटलेली बाई माझ्याआधी बघणार. पण बाई पुडकं उचलणार, तेवढ्यात अम्मींनी हात आडवा घातला. उघडल्यावर शिवणार कशाने? सुई तर तुम्ही काढून घेतलीत. सुई बाहेर पडतानाच मिळणार, म्हणजे दीड तास पुडकं उघडं राहणार आणि आतल्या लॉकरच्या कपाटात ठेवायचं तर ते आम्हा तिघींचं मिळून एकच. अम्मींनी माझं नाव घेतलं नाही. "तिघींचं" या शब्दावर थोडं थांबल्या, इतकंच.

मॉलच्या सामान ठेवायच्या काउंटरवर ठेवा, असं बाईने सुचवलं. अम्मींनी हा पर्याय कानाआड केला. अमानत काउंटरवर ठेवत नाहीत. मी नवऱ्याला फोन लावला. त्याच्या मागे फोर्कलिफ्टचा आवाज येत होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "उघडायचं तर उघडा, नाहीतर नको उघडू, पण अम्मीला बर्फ दाखव," आणि फोन ठेवला. लग्नाला वीस वर्षं झाली, हा माणूस असाच मदत करतो.

"तुम्ही दोघी जावा," अम्मी म्हणाल्या. "मी बाहेर बसतंय पुडकं घेऊन. मना काचेतून दिसतोय बरफ."

"नो वे, दादी. यू गो. आय विल सिट," मुलगी म्हणाली.

"तू नाय गेलीस तर माझा हात कोण धरंल?"

दोघींची अशी बराच वेळ ओढाताण चालली. आजी नातीसाठी बर्फ सोडायला तयार, नात आजीसाठी. मी मधोमध उभी. मला थंडी सोसत नाही. घरात एसी चोवीसवर लावला तरी मी शाल घेते. बर्फात जायची इच्छा तिघींत कोणाला नसेल तर ती मलाच, हे दोघींना माहीत होतं. तरी बाहेर कोणी बसायचं या चर्चेत माझा विचार दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आला नाही. आला असेल, तर तो त्यांनी डोक्यातच ठेवला.

शेवटी नेपाळी बाईच म्हणाली, "बेटा, मम्मी है ना. मम्मी को दे दो."

मुलीने बुटांकडे पाहिलं. अम्मींनी चष्मा काढून पुसला. नेपाळी बाईला वाटलं आपलं काही चुकलं, आणि तीसुद्धा टेबल पुसायला लागली.

"मी बसते," मी म्हटलं. माझा आवाज वाटला होता त्यापेक्षा बारीक आला. "द्या इकडे. अम्मींची वेळ निघून जातेय."

मुलीने पहिल्यांदा माझ्या डोळ्यात पाहिलं. "प्रॉमिस?"

"प्रॉमिस काय? मी काय चोर आहे?" असं म्हणताना माझी नजर ट्रेमधल्या लिपस्टिकवर गेली, आणि मी पुढे म्हटलं, "प्रॉमिस."

अम्मींना एवढं पुरेसं नव्हतं. त्यांनी पुडकं दोन्ही हातांत घेतलं, मला समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "ही अमानत. कोणाची हाय, तुला ठाव हाय. उघडायची नाय, चाचपायची नाय. कबूल?"

रांगेतले सगळे बघत होते. इतकं खुलं "कबूल" मी निकाहातही म्हटलं नव्हतं. तिथे निदान डोक्यावरून ओढणी होती.

"कबूल," मी म्हटलं.

त्या दोघी आत गेल्या. मी काचेसमोरच्या बाकावर बसले, मांडीवर पुडकं. थोड्या वेळाने आत त्या दिसल्या. साडीवर भाड्याचा निळा कोट, खाली जाडजूड बूट, डोक्याला टोपी आणि टोपीवरून पुन्हा पदर. मुलीने त्यांचा कोपर घट्ट धरला होता. अम्मी दोन पावलं चालल्या, थांबल्या, खाली वाकल्या आणि मूठभर बर्फ उचलून नाकाजवळ नेला. मी बाहेरच हसले. मासळीचा वास येतोय का ते बघत होत्या. मग त्या सरळ बर्फात बसल्या. फतकल मारून, घरी ओट्यावर बसतात तशा. शेजारून फळ्या लावलेले गोरे लोक सूं सूं करत जात होते आणि अम्मी मधोमध बसून बर्फ या हातातून त्या हातात घेत होत्या. मुलगी हसून हसून वाकली होती. काचेतून आवाज येत नव्हता.

मला त्या दोघींचा हेवा वाटला. थंडी सोसत नसूनही वाटला.

आणि मांडीवर पुडकं होतं.

चाचपायची नाय, असं ठरलं होतं. पण मांडीवर ठेवलेली वस्तू मांडीला कळतेच. एक कडक कडा होती. वही? डायरी? वहीबरोबर आणखी काही गोल, टणक. मी विचार नको म्हटलं तरी डोकं धावत सुटलं. पत्रं असतील. कोणाची? बदाम काढणाऱ्याचीच. की परदेशातल्या कॉलेजचे कागद, आम्हाला न सांगता भरलेले? की डॉक्टरचा रिपोर्ट? गोल काय असेल? औषधाची बाटली? पंधरा मिनिटांत मी तिला दोनदा कोणाबरोबर पळून जायला लावलं, एकदा गंभीर आजारी पाडलं आणि एकदा लंडनला पाठवलं. हे सगळं अम्मींना माहीत होतं आणि त्या आत बसून बर्फाशी खेळत होत्या, म्हणजे भयंकर काही नसणार. हा विचार मला सुचायला हवा होता. पण त्याऐवजी वेगळाच विचार सुचला: कोपऱ्यावरचा पहिला टाका जरा सैल दिसतोय.

माझं नख लांब नाही. तरी एक टाका उसवायला वेळ लागला नाही. दोरा सुटला, कापडाला तांदळाएवढी फट पडली. मी डोळा लावला. भर मॉलमध्ये, बुरखेवाल्या बायका आणि आइस्क्रीम खाणारी पोरं जात-येत असताना, मी माझ्या मुलीच्या फाटक्या गणवेशाला डोळा लावून बसले होते. आत अंधार होता. दुसरं काही नाही.

डोळा तसाच फटीला असताना मला आई आठवली.

अब्बांच्या कॅसेटबरोबर कधी कधी आईच्या नावाचं शिवलेलं पुडकं यायचं. कॅसेट सगळ्यांची, पुडकं मात्र आईचं. ती ते घेऊन आतल्या खोलीत जायची आणि कडी लावायची. मी आठनऊ वर्षांची असेन. दाराच्या बिजागरीपाशी बोटभर फट होती. एकदा मी तिथे डोळा लावला. आई जमिनीवर बसली होती, पुडकं मांडीवर, आणि दातांनी दोरा तोडत होती. चेहऱ्यावर असं काही होतं जे मी तिच्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिलं नव्हतं. मग तिने मान वर केली आणि सरळ फटीकडे पाहिलं. ओरडली नाही. पुडकं न उघडताच उचलून फडताळात ठेवलं. त्यानंतर आलेलं प्रत्येक पुडकं तिने ओटीवर, सगळ्यांसमोर उघडलं. साबण, अत्तर, कापड. सगळ्यांनी बघितलं, सगळ्यांनी हातात घेतलं. मला तेव्हा वाटलं होतं, मी जिंकले. आईकडे आपलं म्हणावं असं वर्षाकाठी तेवढं एकच होतं, आणि ते मी घेतलं, हे मला चाळीस वर्षांनी दुबईतल्या एका बाकावर कळलं.

मला लाज वाटली. साधी, पोटातून येणारी लाज. मी डोळा काढला, फटीवर अंगठा दाबून धरला आणि तो उरलेला सगळा वेळ काढला नाही. नेपाळी बाईची चहाची सुट्टी झाली, ती कप घेऊन माझ्या शेजारी टेकली. तिचीही मुलगी माझ्या मुलीएवढी, गावी आजीपाशी. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा छताकडे करून बोलते म्हणे. "मैं हज़ार लोगों का बैग देखती हूँ, मॅडम. उसका एक नहीं देख सकती." मी अंगठा दाबून बसले.

दीड तासाने दोघी बाहेर आल्या. अम्मींचं नाक लाल, साडीचा काठ ओला, चेहऱ्यावर मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही न पाहिलेला आनंद. "गोड नाय, खारट नाय, कायच नाय," त्यांनी बर्फाची चव मला सांगितली. मग हात पुढे केला. मी पुडकं दिलं.

अम्मींनी चष्मा चढवला आणि माझी झडती सुरू झाली. परवानगी वगैरे काही नाही. त्यांनी एक बाजू बघितली, दुसरी बघितली, बोटाने टाक्याटाक्यावरून चालत कोपऱ्यापाशी आल्या आणि थांबल्या. "इथला एक गेलाय."

दोरा जुना होता असं म्हणता आलं असतं. मांडीवर घासला असंही. ही वाक्यं माझ्या तोंडात तयार होती. अशा वाक्यांचा माझ्याकडे कधी तुटवडा नसतो.

"मी उसवला," मी मुलीला म्हटलं. "एक. डोळा पण लावला. दिसलं काही नाही. मग थांबले."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी रागाची वाट पाहत होते. राग मला चालला असता, त्याची मला सवय आहे.

"वन?" ती म्हणाली. "इन वन अँड अ हाफ अवर्स? ओन्ली वन?"

"एकच."

"दादी, शी डिड ओन्ली वन!" ती हसायलाच लागली. "मम्मी, आय थॉट यू वुड फिनिश इन फाइव्ह मिनिट्स. आय वॉज वरीड द होल टाइम. आस्क दादी." आणि सतरा वर्षांच्या आयुष्यात तिने पहिल्यांदा माझ्या पाठीवर शाबासकीची थाप दिली, तीही चोरी अर्धवट सोडल्याबद्दल. मला रडू आलं आणि हसूही. दोन्ही एकदम आल्यामुळे उचकी लागली.

"एक काय नि धा काय," अम्मी म्हणाल्या. पण त्यांनी टेबलावरून सुईचं पाकीट मागून आणलं, माझ्याशेजारी बसल्या आणि तो एक टाका पुन्हा घातला. दोरा दातांनी तोडला. पुडकं मालकिणीकडे दिलं.

मुलीने ते हातात घेतलं. आजीला हुडहुडी भरली होती, तिच्यासाठी चहा आणायला हवा होता. पलीकडे चहाचं दुकान होतं. तिने पुडक्याकडे पाहिलं, आजीच्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"होल्ड धिस," म्हणाली, आणि ते माझ्या हातात ठेवून चालू लागली. प्रॉमिस मागितलं नाही, कबूल म्हणायला लावलं नाही.

मी ते दोन्ही हातांनी धरून बसले. दहा पावलं गेल्यावर तिने एकदा मागे वळून पाहिलं, तेही खरं.